रखमाबाईंचे दोन हजार रुपये

घटस्फोट हा शब्द आपल्या समाजात अजूनही खालच्या आवाजात उच्चारला जातो. एखाद्या घरची मुलगी सासर सोडून माहेरी आली की गावात चर्चा होते ती इज्जतीची. चूक कोणाची, मुलीने जरा सोसायला हवे होते की नको, धाकट्या बहिणीचे लग्न आता कसे जमणार, असे सगळे बोलले जाते. हिशेबाविषयी मात्र कोणी बोलत नाही. ती खाणार काय, राहणार कुठे, मुलांची फी कोण भरणार, वकिलाचे पैसे कुठून आणणार, लग्नात घातलेले दागिने कोणाच्या कपाटात आहेत, हे प्रश्न सर्वात शेवटी येतात. तोपर्यंत तिने कुठल्यातरी कागदावर सही केलेली असते. शिरूर आणि दौंडच्या न्यायालयांत वकिली करताना वर्षानुवर्षे हेच चित्र दिसते. म्हणून आज एका स्त्रीची जीवनकहाणी सांगावीशी वाटते. नको असलेल्या लग्नातून सुटण्याची किंमत काय असते, हे तिच्या खटल्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी साऱ्या देशाला दाखवून दिले. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. जात सुतार. म्हणजे ब्राह्मणी धर्मशास्त्राच्या उतरंडीत त्या आपल्यासारख्याच कष्टकरी बहुजनांतल्या. आई जयंतीबाई यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमाबाई दोन-अडीच वर्षांच्या होत्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते.

या दुसऱ्या लग्नाच्या वेळी जी गोष्ट घडली तिच्याकडे चरित्रे वाचताना आपले सहसा लक्ष जात नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली खरी, पण त्याच कायद्यात एक मेख होती. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपत असे. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. जयंतीबाईंनी दुसरे लग्न करण्यापूर्वी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता आपल्या लहान मुलीच्या नावावर केली. आठ-नऊ वर्षांची रखमाबाई मालमत्तेची धनीण झाली. पुढे जे काही घडले त्याची मुळे या एका कागदात आहेत. मुलीच्या नावावर काहीतरी असणे म्हणजे काय, हे त्या आईने त्या काळात ओळखले होते.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न लावले गेले. नवरा दादाजी भिकाजी, वय १९, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला, परिस्थितीने गरीब. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, माणूस म्हणून उभे राहावे असे ठरले होते. रखमाबाई वयात आल्या तेव्हा रूढीप्रमाणे लगेच गर्भाधान व्हायला हवे होते. पण डॉ. सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. कोवळ्या वयात मुलीच्या शरीरावर काय लादले जाते हे डॉक्टर म्हणून ते जाणत होते. दादाजींना शिक्षणही मानवले नाही आणि ती शिस्तही. ते मामाच्या घरी, नारायण धुरमाजींकडे, राहायला गेले. पुढे आजारपण आले आणि कर्जही झाले. इकडे रखमाबाई आईच्या घरी राहून मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून स्वतःच्या बळावर शिकत होत्या. आर्य महिला समाजाच्या सभांना जात होत्या. एकाच लग्नात बांधलेली दोन माणसे दोन वेगवेगळ्या दिशांना वाढत गेली.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली की माझी बायको माझ्या घरी नांदायला पाठवा. रखमाबाईंनी स्वतःचे वकील देऊन उत्तर दिले की मी येणार नाही. तेव्हा त्यांचे वय १९ होते. दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याच्या भाषेत हा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा. साध्या मराठीत सांगायचे तर बायकोला नांदायला पाठवण्याचा दावा. दादाजींच्या बाजूने पुढे जे पत्रक छापले गेले त्यात भांडणाचे मूळ मालमत्तेत आहे असेच मांडले होते. मुलगी सासरी गेली तर मालमत्ता हातची जाईल म्हणून माहेरचे तिला अडवत आहेत, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवू. पण लग्नाच्या भांडणात पैसा किती खोलवर रुजलेला असतो हे त्यातून दिसते.

रखमाबाईंच्या बाजूने इन्व्हेरारिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे नामवंत वकील उभे राहिले. दावा चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला. त्याच वर्षी जून आणि सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे संपते आणि सक्तीच्या वैधव्याने आयुष्य कसे करपते हे त्यांत मांडले होते. ती पत्रे रखमाबाईंची होती हे पुढे उघड झाले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला आणि दादाजींचा दावा फेटाळला. हे दोघे नवरा-बायको म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग पुनःस्थापना कशाची करायची, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. अजाण वयात लावलेल्या लग्नाच्या आधारावर एका तरुण स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना अमानुष वाटले. शिवाय असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेला आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

या निकालाने सनातनी खवळले. टिळकांच्या केसरीने रखमाबाईंच्या विरोधात आघाडी उघडली. धर्म बुडाला, शिकलेल्या बायका आता नवऱ्याला जुमानणार नाहीत, अशी ओरड झाली. यातला विरोधाभास पाहा. परक्या इंग्रजांच्या कायद्याने आमच्या घरात हात घालू नये असे म्हणणारे हेच लोक इंग्रजांच्या चर्चमधून आलेले हत्यार एका सुताराच्या मुलीविरुद्ध चालवा म्हणून आग्रह धरत होते. आणि ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला त्याच साली इंग्लंडने आपल्याकडे या कारणासाठी होणारी कैद रद्द केली होती. हिंदुस्थानातल्या दिवाणी कायद्यात मात्र कैदही होती आणि जप्तीही.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी असा दावा चालू शकतो असे ठरवून प्रकरण परत पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी एका महिन्यात नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी जाहीर केली. नांदायला जाणार नाही, शिक्षा भोगीन, ही त्यांची भूमिका होती. साऱ्या देशात खळबळ माजली. त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली, बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पुढे आले, इंग्लंडच्या वृत्तपत्रांतही चर्चा झाली. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या प्रकरणाला जागा दिली.

पुढे काय झाले याविषयी एक समज पसरलेला आहे. राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून रखमाबाईंचा विवाह रद्द केला, असे अनेकदा लिहिले आणि सांगितले जाते. तसे काही झाले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि रखमाबाईंवरचा दावा सोडला. चार वर्षे चाललेला, टिळकांपासून लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत सर्वांना बोलायला लावणारा खटला अखेर एका रकमेवर मिटला.

वकील म्हणून या तडजोडीकडे पाहिले तर तिचा दुहेरी अर्थ लक्षात येतो. रखमाबाईंना दोन हजारांत काय मिळाले? नवऱ्याच्या घरी जाण्याच्या सक्तीतून सुटका मिळाली. पण घटस्फोट मिळाला नाही, कारण हिंदू स्त्रीसाठी घटस्फोटाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. लग्न कागदावर जसेच्या तसे राहिले. दादाजी पुरुष होते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ते पुन्हा हव्या तितक्या वेळा बोहल्यावर चढायला मोकळे होते. रखमाबाईंना दुसरे लग्न करणे शक्य नव्हते. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. जो नवरा कधी स्वीकारला नाही त्याचे वैधव्य मात्र वाट्याला आले. पैशाने अर्धीच सुटका विकत मिळाली होती. उरलेली अर्धी कायद्याने द्यायची होती आणि तो कायदा अजून जन्माला यायचा होता.

पण त्या अर्ध्या सुटकेचे रखमाबाईंनी सोने केले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. निधी उभा राहिला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपयांची मदत केली. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. या देशात प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. परत आल्यावर त्या सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या. सुमारे ३५ वर्षे त्यांनी हे काम केले. ज्या बाईला बायको म्हणून एका घरात कोंडायचे होते तिच्या हातून किती बाळंतिणी सुखरूप घरी गेल्या असतील याचा विचार करावा. दरम्यान त्यांच्या खटल्याने पेटलेल्या चर्चेतूनच संमतिवयाच्या कायद्याची वाट मोकळी झाली आणि १८९१ मध्ये ते वय १० वरून १२ झाले. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद मात्र १९२३ साली रद्द झाली.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईत राहिल्या. तिथेच त्यांच्या डोळ्यांदेखत कायदा बदलत गेला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा झाला आणि साऱ्या देशातील स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंनी अखेरचा श्वास घेतला.

हा हक्क आकाशातून पडला नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेने पत्नीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा आणि एकापेक्षा अधिक बायका करण्यास कायद्याने बंदी घालावी असे ठराव केले. देशाच्या संसदेने कायदा करण्याच्या तेरा वर्षे आधी आपल्या आयाबहिणींनी ही मागणी केली होती. स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगताना हे पान बहुतेक जण गाळतात. आपण तरी ते गाळता कामा नये.

आणि मग बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल आले. बाबासाहेबांची कायदेपंडित म्हणून दृष्टी किती दूरची होती हे समजून घ्यायचे असेल तर या बिलाची रचना पाहावी. त्यांनी घटस्फोट एकटा मांडला नाही. एकपत्नीत्व, घटस्फोट, पोटगी, मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसा आणि स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी, हे सर्व त्यांनी एकाच संहितेत गुंफले. लग्नात मुलीबरोबर दिलेली संपत्ती ही तिची ठेव समजावी, नवऱ्याला किंवा सासरच्यांना तिच्यात हितसंबंध नसावा, अशीही तरतूद त्यात होती. यामागचा विचार उघड आहे. नुसता घटस्फोट दिला आणि मालमत्ता दिली नाही, तर दार उघडल्यावर स्त्री रस्त्यावर येते. नुसती मालमत्ता दिली आणि घटस्फोट दिला नाही, तर तिची रखमाबाई होते. दोन्ही एकत्र मिळाले तरच ती माणूस म्हणून उभी राहते. सनातन्यांनी हे बिल रखडवले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर त्याच बिलाचे चार तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये कायदे केले गेले. घटस्फोट आला, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात मिळायला १९९४ उजाडले आणि देशभर मिळायला २००५. बाबासाहेबांनी जे एकत्र बांधले होते ते तोडल्याची किंमत स्त्रीने अर्धे शतक मोजली.

ही किंमत आजही मोजली जाते. शिरूर तालुका म्हटले की आपल्याला कोरेगाव भीमा आठवते. १ जानेवारीला लाखो लोक मानवंदना द्यायला येतात आणि १९२७ साली बाबासाहेब तिथे आले होते याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो योग्यच आहे. पण वर्षाच्या इतर दिवशी त्याच तालुक्यातल्या, आणि भीमेच्या काठाकाठाने खाली गेल्यावर दौंड तालुक्यातल्या, आपल्या लेकी हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन न्यायालयाच्या आवारात बसलेल्या असतात. त्यांची लढाई कोणाच्या भाषणात येत नाही.

या लढाईतला पहिला घात स्टॅम्प पेपरवर होतो. दोन्हीकडची चार माणसे बसतात, कधी विहारात, कधी सरपंचाच्या ओट्यावर. पन्नास हजार, लाख अशी काहीतरी रक्कम ठरते. नोटरीसमोर फारकतनामा होतो आणि दोघे मोकळे झाले असे समजले जाते. हा घटस्फोट नव्हे. बौद्धांना हिंदू विवाह कायदा लागू आहे, ते आपल्याला पटो वा न पटो. त्या कायद्याने न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला मान्यता आहे, पण ती रूढी जुनी आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते आणि ते फार अवघड असते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्या स्त्रीचे ते लग्न कायद्यापुढे उभे राहत नाही. रखमाबाईंना कायदा नव्हता म्हणून अर्ध्या सुटकेवर थांबावे लागले. आज कायदा असताना आपणच आपल्या मुलींना अर्धी सुटका विकत घेऊन देतो.

दुसरा घात उत्पन्नाच्या पुराव्यात होतो. नवरा रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला असतो आणि पोटगीचा अर्ज पडला की तो बेकार होतो. घर सासऱ्याच्या नावावर, जमीन सासऱ्याच्या नावावर, गाडी भावाच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात यावर उपाय केला आहे. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायची. म्हणून घर सोडण्यापूर्वी शक्य असेल तर नवऱ्याचे बँक पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, सातबारा, लग्नातल्या वस्तूंच्या पावत्या यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे राहण्याचा हक्कच नाही असेही नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सामायिक घराची तरतूद आहे आणि २०२० च्या आणखी एका निकालाने ती सासऱ्याच्या घरालाही लागू होऊ शकते हे स्पष्ट केले आहे.

तिसरी अडचण खर्चाची. सासर दौंडचे आणि माहेर शिरूरचे असेल तर बाईला वाटते की आता प्रत्येक तारखेला दौंडला जावे लागेल. तसे नाही. २००३ च्या दुरुस्तीने पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात ती घटस्फोटाचा अर्ज करू शकते. पोटगीचा अर्जही राहत्या ठिकाणी करता येतो. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्ता यांच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असताना पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. रखमाबाईंच्या मागे समिती उभी राहिली. आजच्या स्त्रीसाठी ही समिती कायद्यातच आहे, फक्त तिचा पत्ता तिला सांगणारे कोणी हवे.

चौथी गोष्ट वसुलीची. पोटगीचा हुकूम झाला म्हणजे पैसे आले असे नाही. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, पण वसुलीचा नियम तोच आहे. रक्कम देणे झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. बाया वाट पाहत राहतात, आज देईल, उद्या देईल म्हणतात, आणि मागची थकबाकी या मार्गाने वसूल करण्याचा हक्क गमावतात. पैसे न देणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कधीकाळी नांदायला न जाणाऱ्या बायकोसाठी सहा महिन्यांचा तुरुंग होता. आता पोटगी बुडवणाऱ्या नवऱ्यासाठी तुरुंग आहे. कायद्याचे चाक इतके फिरले आहे, त्याचा उपयोग करून घ्यायचा की नाही हे आपल्यावर आहे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून ती सर्वात कडू आहे. तालुक्यात औद्योगिक वसाहत वाढते, रस्ते रुंद होतात, जमिनीचे भाव चढतात. वाट्याला आलेल्या वतनाच्या आणि वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला मिळण्याची वेळ येते. त्या दिवशी लेकींना माहेरी बोलावले जाते, जेवण होते, साडी नेसवली जाते आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. भाऊ चळवळीतला असतो, घरात बाबासाहेबांचा फोटो असतो, ओठांवर जय भीम असतो. तीच बहीण चार वर्षांनी नवऱ्याने टाकली म्हणून परत येते तेव्हा ती भावाच्या घरात आश्रित असते. तिला आश्रित कोणी केले? सासरच्यांनी अर्धे केले, अर्धे आपण केले. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे अनुयायी म्हणवून घेताना आपल्या बहिणीचा वाटा आपण लिहून घेतला आहे का, हे प्रत्येकाने आपापल्या सातबाऱ्यावर पाहावे.

जयंतीबाई फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे ना हिंदू कोड बिल होते, ना संविधान. तरीही त्यांनी स्वतःचे आयुष्य नव्याने सुरू करण्यापूर्वी मुलीच्या नावावर मालमत्ता केली. त्या मालमत्तेमुळे रखमाबाई पोटासाठी दादाजींच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत आणि न्यायालयात नाही म्हणू शकल्या. आपल्या तालुक्यांतील विहारांत, महिला मंडळांत आणि बचत गटांत या माय-लेकींची गोष्ट सांगितली गेली पाहिजे. लग्न जमवताना मुलीच्या नावावर काय आहे हे आधी विचारले गेले पाहिजे आणि लग्न मोडताना तिची सही घेण्यापूर्वी तो कागद तिला वाचून दाखवला गेला पाहिजे. कायदा बाबासाहेबांनी दिला आहे. त्या कायद्याच्या दारापर्यंत जाण्याचे भाडे तिच्या पदराला असेल एवढी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.